खोक्यावरच्या बायका

काही सांगायचं असलं की आक्का आधी थुंकायची. खरोखर नव्हे, कारखान्यात थुंकायला बंदी होती. मान वळवून नुसतं ‘थू’ करायची आणि मग तोंड उघडायची. “थू! बर्फ आहे की काचा?” “थू! ह्याला जेवणाची सुट्टी म्हणतात?” एकदा माझ्या नव्या साडीकडे बघून म्हणाली, “थू, बरी दिसत्येस गो.” मी चिडले तर हसून म्हणाली, “दृष्ट लागू नये म्हणून. तुला काय वाटलं?”

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत कोळंबी सोलून, गोठवून परदेशी पाठवणारा एक कारखाना होता. ती तिथे सोलायला, मी हजेरी लिहायला. ती पन्नाशीची, मी तिशीतली. अशी बाई तुम्हीही कुठेतरी पाहिली असेल. ठेंगणी, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्याला पांढरी टोपी आणि बर्फाच्या पाण्यात राहून पांढरीफटक पडलेली, सुजलेली बोटं.

आता किळस वाटेल असं लिहिणार आहे. वाटू द्या.

सोलणाऱ्या साठेक बायकांना एकच संडास होता. त्याला कुलूप असायचं. बायका आत जाऊन वेळ काढतात, असं मॅनेजरचं मत. किल्ली माझ्या टेबलावर. जिला जायचं तिने माझ्याकडे यायचं, नाव सांगायचं, मी वेळ लिहायची. आत नळ होता पण पाणी नसायचं. कडी तुटलेली, म्हणून एकीने बाहेर दार धरून उभं राहायचं. पाळीची फडकी टाकायला डबा नव्हता. ती कोपऱ्यात पडायची आणि त्यांच्यावर माशा. मी हे नाक दाबून एकदाच पाहिलं. मला स्वतःला ऑफिसचं बाथरूम होतं, टाइल्सचं. तिथे जाऊन साबणाने हात धुताना मला कधी काही वाटलं नाही, हे आज लिहिताना स्वतःचीच शिसारी येते.

बायकांनी त्यावर एक उपाय काढला होता. पाणीच प्यायचं नाही.

एक दिवस सोलता सोलता एक मुलगी खाली कोसळली. नुकतं लग्न झालेली, बावीस-तेवीसची. अंगात सणसणून ताप. आक्काच तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली. संध्याकाळी परत आली ती थेट माझ्या टेबलापाशी.

“थू! डॉक्टर काय विचारतो माहीत आहे? पाणी पीत नाहीस काय गो, म्हणून. लघवीत पू झालाय तिच्या. कंबरेत मूत्रपिंड सुजलंय.”

मी म्हटलं, “आक्का, मी काय करू? नियम आहे.”

 तिने टेबलावरचं खोक्यांवर नावं घालायचं जाड मार्कर उचललं आणि कोपऱ्यातल्या फाटक्या खोक्याच्या मागच्या बाजूला एक बाई काढली. चार रेघांत. पण त्या चार रेघांत ती मुलगी होती, तिची वाकडी मान, एक खांदा खाली. कंबरेपाशी आक्काने मार्कर इतकं दाबून फिरवलं की पुठ्ठा फाटला.

“इथे दुखतं तिचं,” ती म्हणाली. “आता तू खाली लिही. ‘मी सकाळपासून घोटभर पाणी प्यायले नाही.’ लिही. माझी बोटं अक्षराला वळत नाहीत आता.”

मी लिहिलं. का लिहिलं, ते सांगता येणार नाही. तिला नाही म्हणायची सोय नसायची, एवढं खरं.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत हे सुरू झालं. कपडे बदलायच्या खोलीत आक्का खोकी मांडून बसायची. बाई समोर आली की म्हणायची, “दुखतं कुठे ते दाखव. लाजू नको, मीपण बाईच आहे.” आधी बायका फिदीफिदी हसल्या. एकीने गंमत म्हणून जिभेवर बोट ठेवलं, “इथे दुखतं, सासूला उत्तर देऊन.” आक्काने तिचं तसंच चित्र काढलं, हातभर जीभ असलेलं. हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग तीच बाई हळूच म्हणाली, “आक्का, खरं सांगू? माझी पिशवी खाली येते. उभं राहून राहून. घरात कुणाला सांगितलं नाय.”

त्यानंतर कोणी हसलं नाही.

चित्रं आक्काची, वाक्यं बायकांची, अक्षर माझं. ‘पाळीत एकावर एक दोन फडकी घेते. बदलायला आडोसा नाही, मांड्या सोलवटतात.’ ‘घरी पोचेपर्यंत धरून ठेवते. रिक्षा खड्ड्यातून गेली की भीती वाटते.’ ‘बाळ गेलं तेव्हा तिसऱ्या दिवशी कामावर आले. दूध येत होतं, बर्फात हात होते.’ हे शेवटचं लिहिताना मी मार्कर खाली ठेवलं. आक्काने पाठीवर हात ठेवला. “लिही गो बाय. तिने सोसलं, तुला लिहवत नाय?”

अशी तेवीस चित्रं झाली.

मग परदेशी खरेदीदार तपासणीला येणार असं ठरलं. संडास फिनेलने धुतला, कुलूप काढलं, कुंडीत गुलाब आणून ठेवला. ते यायच्या सकाळी आक्काने ती तेवीसही खोकी कपडे बदलायच्या खोलीत भिंतीला लावली. पाहुणे तिथूनच आत जाणार होते.

मॅनेजर शेवटची फेरी मारायला आला आणि दारातच थबकला. त्याने रुमाल नाकाला लावला. चित्रांना वास येतो असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

“शी! काय घाण आहे ही? कोणी लावली?”

“मी,” आक्का म्हणाली. “थू! पुठ्ठ्यावरची घाण बरी दिसली, साहेब. रोजची नाय दिसली ती?”

“हे अक्षर कोणाचं?”

माझं अक्षर तो रोज हजेरीच्या वहीत बघत होता. खोलीत वीस बायका होत्या, सगळ्यांना ठाऊक होतं. एकीनेही माझ्याकडे पाहिलं नाही. मी जमिनीकडे बघत होते. 

“माझंच,” आक्का म्हणाली.

त्याने तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. मला म्हणाला, “मॅडम, काढा हे सगळं.”

मी काढलं. स्वतःच्या हातांनी ओरबाडून काढलं आणि मागे, कोळंबीच्या कुजक्या सालांचा ढीग असायचा त्यात नेऊन टाकलं. आक्का टोपी काढून, बूट जागेवर ठेवून निघून गेली. पाहुणे आले, गुलाबाचं कौतुक करून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका फाटकापाशी बसल्या. आत कोणी जाईना. कोळंबीचा ट्रक येऊन उभा राहिला. अकरापर्यंत बर्फ वितळून रस्त्यावर गुलाबी पाणी वाहायला लागलं. दुपारी वास असा सुटला की शेजारच्या कारखान्याची माणसं भांडायला आली. बायका त्या वासात पदर नाकाला न लावता बसून होत्या. तीन वाजता मॅनेजर बाहेर आला. कुलूप कायमचं जाईल, पाणी येईल, दुसरा संडास बांधू. सगळं कबूल.

“आक्काला परत घेणार?” मागून कोणीतरी विचारलं.

“ते सोडून बोला,” तो म्हणाला.

 मग एक उठली, दुसरी उठली. सगळ्या आत गेल्या. मी हजेरी मांडली.

पाच-सहा महिन्यांनी मी एसटीने हर्णैला गेले. आक्का तिथे भावाकडे राहत होती. घरामागे ताडपत्रीवर सुकट पसरलेली, ती वाकून उलथत होती. मी सांगितलं की दोन संडास झाले, नळाला पाणी आहे, डबा आहे.

“मुली पाणी पितात?”

“पितात.”

“बरं झालं.”

“आक्का, त्या दिवशी अक्षर माझं आहे असं मी म्हणायला हवं होतं.”

“घाबरलीस, त्याचं काय नाय गो. मीपण घाबरल्ये होते.” ती सरळ झाली. “पण ती चित्रं सालांत टाकलीस. घरी न्यायचीस. कपाटामागे ठेवायचीस. त्या बायांनी मला अंग उघडं करून दाखवलं होतं, आणि तू त्यांना सालांत टाकलंस.”

 

भावजयीने आतून चहाला हाक मारली. आक्का म्हणाली, “तू जा, घे. मला ऊन आहे तोवर हे उरकायचंय.” आणि पुन्हा वाकली. मी ओसरीवर बसून चहा घेतला. कप ठेवून बाहेर आले तेव्हा ती ताडपत्रीच्या पार पलीकडच्या टोकाला पोचली होती, माझ्याकडे पाठ करून, एक हात कंबरेवर दाबून धरलेला.