चिठ्ठीत निघालेली नाली

सावनेरकडच्या एका खेड्यात आमच्या कॉलेजचं सात दिवसांचं श्रमसंस्कार शिबिर होतं. गावातली नाली उपसायची आणि तिचं पाणी जिरवायला शाळेमागे शोषखड्डा खोदायचा, एवढं काम. विद्यार्थी प्रतिनिधी मी होते, म्हणून कामाच्या याद्याही मीच करायचे. मुली स्वयंपाकाला, मुलं खोदायला. त्यात मला काही वावगं दिसलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच वर्गातली एक मुलगी यादी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"बाकी पोरी स्वयंपाकाले. माझंच नाव रोज नालीवर काहून वं?"

तुला जमतं ते, असं काहीतरी मी बोलून गेले.

"माझी आई झाडूकाम करते, म्हणून मले जमते? मी तर इथंच पहिल्यांदा नालीत उतरली."

सगळे ऐकत होते. माझे कान तापले. तिचं नाव लिहिताना मी क्षणभरही थांबले नव्हते, हेच मला जास्त लागलं. मी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली आणि यादी फाडली. मग शाळेच्या व्हरांड्यात आम्ही दुपारपर्यंत बोलत बसलो. जातीवर, घरी शेवटी कोण जेवतं त्यावर, कॉलेज सुटल्यावर कोणाला कामावर जावं लागतं त्यावर. काही जण चिडले, एक मुलगा रडला. शेवटी तिनेच सुचवलं, कामाच्या चिठ्ठ्या टाकू.

माझ्या वाट्याला नाली आली. पहिला गाळ काढताना नाकाला ओढणी बांधली, पण थोड्या वेळाने हात चालू लागला. ती शोषखड्डा खोदत होती. मुलं पोळ्या लाटताहेत हे कळल्यावर गावातल्या बायका बघायला आल्या, पोट धरून हसल्या आणि तिथेच बसल्या. एरवी नाली कोण काढतं, असं खड्ड्यातून वर येऊन तिने त्यांना विचारलं. गावाच्या टोकाची चार घरं, उत्तर आलं. मग तिने त्यांना आमच्या यादीची आणि चिठ्ठ्यांची गोष्ट सांगितली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यातली एक आजीबाई आपल्या दोन्ही मुलांना फावडी देऊन घेऊन आली. "घाण आमच्याही घरची जाते. आता हेबी उपसतीन," म्हणाली. संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली नालीत उतरली होती.

सातव्या दिवशी नालीच्या वरच्या टोकाला, यादी घेऊन आलेल्या त्या मुलीनेच पहिली बादली ओतली. पाणी दारादारापुढून सरसर वाहत खड्ड्यात जिरलं आणि गावाने टाळ्या वाजवल्या.

पुढच्या वर्षी प्रतिनिधी म्हणून तीच निवडून आली. तिचं नाव मी सुचवलं होतं.