इटलीवाल्या रूमचं छत

काकू पलंगावर उताण्या पडल्या, वर बघितलं आणि ताडकन उठून बसल्या.

"अवो, ही लेकरं उलटी कावून टांगलीत?"

त्यांचे यजमान म्हणजे हॉटेलचे मालक, अप्पा. अप्पांनी पेंटर रहीमभाईंकडे बघितलं. रहीमभाईंनी माझ्याकडे.

परळीतल्या अप्पांच्या नव्या हॉटेलातला हा सगळ्यात महागडा सूट. छोट्या पण थाटाच्या हॉटेलाला बुटीक हॉटेल म्हणतात, हे मला तिथंच कळलं. पुण्याच्या डेकोरेटरनं सूट राफाएल या इटलीच्या जुन्या चित्रकाराच्या धर्तीवर आखला होता. ते नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे 'इटलीवाली रूम' म्हणत.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही. सुट्टीत रहीमभाईंच्या हाताखाली दुकानांच्या पाट्या रंगवतो. छतावरची ढगांतली पंखवाली दोन बाळं हे माझं पाटी सोडून केलेलं पहिलं काम. डेकोरेटरनं दिलेल्या छोट्या चित्रावर चौकोन आखले, तेवढेच चौकोन मोठे करून आखले आणि एकेक उतरवत गेलो. याला ग्रिड म्हणतात.

चित्र डेकोरेटरच्या नकाशाप्रमाणेच होतं. चुकला होता पलंग. नकाशात उशी उत्तरेला होती. उत्तरेला डोकं करून आपल्याकडे कोण निजतं? सकाळी काकूंनी ते बघितलं आणि सुताराकडून पलंग फिरवून उशी दक्षिणेला घेतली. छताचा विचार कुणाच्याच मनात आला नाही.

"उद्या लातूरचे व्याही मुक्कामाला येणार हायेत," अप्पा म्हणाले. "लातूरभर हसं होईल. चुना मारा वरून."

"नवीन काढायला टाइम न्हाई अप्पा," रहीमभाई म्हणाले. "मारतो चुना."

बोलावं की नाही, कळेना.

"अप्पा," मी म्हणालो, "चित्र छतावर नाही. प्लायवर आहे."

वर बघून रंगवताना माझी मान भरून यायची. म्हणून प्लायवूडच्या दोन फळ्या खाली ठेवून रंगवल्या आणि मग छताला स्क्रूनं बसवल्या होत्या. तेव्हा रहीमभाई सगळ्यांना सांगत होते, "कॉलेजवाल्याची मान लई नाजूक हाय."

आता तेच आधी लाकडी घोडीवर चढले. जोडावरची पुट्टी खरवडली, स्क्रू काढले, दोन्ही फळ्या जागच्या जागी फिरवून बसवल्या. खाली उतरून बघितलं तर मधोमध दोन्हीकडून नुसते ढग, आणि बाळांचे अर्धे पंख भिंतीला टेकलेले.

"अबे, फळ्यांची अदलाबदल पण करायची ना!" रहीमभाई मलाच ओरडले.

पुन्हा काढल्या, अदलाबदल केली. पंख जुळले. जोडावर पुट्टी भरली, ती सुकू दिली आणि त्यावर मी ढग रंगवला. संध्याकाळी काकू पुन्हा आडव्या झाल्या.

"गोड हायेत," त्या म्हणाल्या. "पण उद्या चार लोक बघतील. गालाला तीट लाव दोघांच्या."

मी लावली. इटलीच्या चित्रात ती नाही, पण मला त्याचं काही वाटलं नाही. चित्र वाचलं होतं.

तेव्हापासून छताचं काम आलं की रंग विचारायच्या आधी मी विचारतो, उशी कुठल्या बाजूला येणार? आणि हे डेकोरेटरला नाही, घरातल्या बाईंना विचारतो.