राहिलेला ड्रायव्हर

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माझा मित्र राजकुमार स्क्रू बाटलीच्या झाकणात ठेवायचा. पाणी टँकरचं, म्हणून अर्धाच ग्लास मागायचा. कामाआधी विचारायचा, "खरं सांग, काय केलंस?"

त्या मे महिन्यात शेंद्रा गावातल्या माझ्या खोलीवर मी खोटं बोललो. त्यानं नको म्हटलं असताना मी लॅपटॉपची सिस्टीम अपग्रेड केली होती आणि वायफाय बंद पडलं होतं.

"काहीच नाही केलं," मी म्हणालो.

माझ्यावर विश्वास ठेवून तो भर दुपारी गच्चीवर चढला. दोन तास इंटरनेटचा अँटेना तपासत राहिला. मग खाली येऊन त्यानं लॅपटॉप उघडला आणि नवी सिस्टीम पाहून हसला.

"लई शहाणा हायस! वायफाय चालवणारा जुना ड्रायव्हर ह्या पेनड्राइव्हमधून उद्या टाकतो. डोकं दुखतंय."

संध्याकाळी तो उष्माघातानं गेला.

त्याचा पेनड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला अजून तसाच लावलेला आहे. जुना ड्रायव्हर टाकायचा राहिलाय.