आ-थिआमने पुसलेला तास

आ-थिआम गेल्या हिवाळ्यात गेला. तैपेईजवळच्या आमच्या यिलानमधली निम्मी लग्नं आणि बहुतेक मयती त्याने कॅमेऱ्यात टिपल्या होत्या. त्याची स्वतःची टिपायला कोणी नव्हतं. म्हणून हे चार शब्द.

त्याचं पूर्ण नाव कांग सुई-थिआम. अंगाने किरकोळ, कायम पावसाळी बूट घातलेला, आणि बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे पाहणारा, जणू उजेड बरोबर पडतोय की नाही ते तपासतोय. आमच्या मंडळीचं नाटक असलं की न बोलावता यायचा. नाटक म्हणजे देवळासमोर ट्रकवर उभा केलेला रंगमंच, समोर देव, आणि प्लास्टिकच्या स्टुलांवर पंधरा-वीस म्हातारी माणसं. आमच्यात संहिता नसते. सकाळी नुसती गोष्ट सांगतात, दुपारी ज्याने त्याने आपलं बोलणं आणि आपली पदं उभ्याउभ्या रचायची. आज गायलेलं पद उद्या कोणाच्याही तोंडी नसतं.

नायकाची कामंही आमच्यात बाईच करते. आमची नायक होती किम-इंग. मी तिची नायिका. सव्वीस वर्षं मी मंचावर तिच्यासाठी रडले, म्हणून ती मला रडूबाईच म्हणायची.

टेपच्या काळात थिआम राजा होता. टेप भरली की तिच्या कडेचं बारीक बटण सरकवायचा, मग तिच्यावर दुसरं काही उमटायचं नाही. वर ब्रशने तारीख आणि देवाचं नाव. पण यिलानची हवा दमट. निम्म्या टेपांना बुरशी लागली, आणि उरल्या त्यांत फटाके जास्त, गाणं कमी. पुढे लोकांना सगळं लखलखीत दिसायला हवं झालं. थिआमने टेपचे दोन्ही कॅमेरे विकून एक हाय डेफिनिशन कॅमेरा घेतला. त्यात टेप नाही, कार्ड. ती इतकी महाग की त्याच्याकडे दोनच होती. भरलेलं कार्ड कॉम्प्युटरवर रिकामं करायचं, पुसायचं आणि पुन्हा वापरायचं.

"आ-ची," पहिल्याच दिवशी तो मला म्हणाला. मंडळीत वयाने मोठ्या बाईला थोरली बहीण म्हणून हीच हाक. "गालावरची पावडर फुटलीय. ह्यात सगळं दिसतं."

"मग तू डोळे मीट."

किम-इंग आरशातून ओरडली, "थिआम, तिच्या सुरकुत्या मोज रे! मला दहा वर्षं बेचाळीसच सांगतेय."

त्याच्या एडिटिंगच्या खोलीत कॉम्प्युटरवर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट असायचं. त्या खाऊच्या नावाचा अर्थच 'शहाणा हो', म्हणून यंत्रांनीही तसं वागावं यासाठी आमच्याकडे सगळेच ठेवतात. पाकिटावरची तारीख उलटली की थिआम नवं आणायचा आणि जुनं आमच्या ढोलकीवाल्याला द्यायचा. ढोलकीवाला म्हणायचा, "म्हणजे यंत्रापेक्षा माझं पोट स्वस्त!"

त्या वर्षी किम-इंगच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, असं तैपेईच्या डॉक्टरांनी सांगितलं. तिने त्यांच्याकडून दहा दिवस मागून घेतले. दुसऱ्या चांद्र महिन्याच्या द्वितीयेला भूमिदेवाचा वाढदिवस, त्या दिवशीचं नाटक करूनच ती जाणार होती. थिआमला बोलावून तिने एकच सांगितलं, "तोंड माझं लोकांनी पुष्कळ पाहिलंय. तू आवाज घे."

थिआमने ध्वनीच्या पेटीपासून थेट कॅमेऱ्यापर्यंत वायर ओढली. फटाके वाजवू नका म्हणून देवळाच्या पंचांच्या पाया पडून आला. घसा फार वेळ टिकणार नव्हता, म्हणून आम्ही गोष्ट फिरवली आणि निरोपाचा प्रवेश पहिल्या तासात घेतला. किम-इंग रडण्याच्या चालीत गायली. बेचाळीस ओळी. नायक युद्धावर निघालाय असं लोकांना वाटत होतं. ती माझा निरोप घेत होती. त्यानंतर ती गायली नाही, नुसती उभी राहिली. तिची पुढची पदं दुसऱ्या बाईने पडद्याआडून म्हटली.

नाटक तीन तासांचं. दोन कार्डांत दोनच तास मावायचे. दुसरं कार्ड कॅमेऱ्यात चालू होतं तेवढ्यात थिआम पहिलं घेऊन मंचामागे धावला. त्या कार्डात चित्र एका कप्प्यात राहतं आणि आवाज दुसऱ्या. एरवी तो दोन्ही कप्पे एकदम उचलायचा. पण त्या दिवशी त्याच्या लॅपटॉपवर जागा कमी पडली. जन्मभर टेपवर काम केलेला माणूस, चित्र आलं की आवाज त्याच्या पाठोपाठ येतोच, हे त्याच्या हातात मुरलेलं. घाईत त्याने चित्राचा मोठा कप्पा तेवढा उतरवून घेतला. लावून पाहिलं. चित्र हललं, किम-इंगचे ओठ हलले. डोक्यावर झांजा आणि ढोल कडाडत होते, हेडफोन कॅमेऱ्यापाशी राहिला होता. त्याने कार्ड पुसलं आणि तिसऱ्या तासासाठी कॅमेऱ्यात घातलं.

नाटकानंतर चौथ्या दिवशी किम-इंगचं ऑपरेशन झालं. सहाव्या दिवशी थिआम एडिटिंगला बसला. मधले दिवस एका लग्नाच्या कामात गेले होते.

माझ्या दाराशी आला तो छत्री हातात मिटलेली, अंगावरून पाणी निथळतंय.

"आत ये."

"आ-ची, मी तिचा आवाज पुसला."

"चेष्टा नको करूस."

"पुढच्या दोन तासांत तुमचा आहे. विदूषकाचा आहे. बाहेरच्या शेंगदाणेवाल्याचासुद्धा आहे." तो माझ्या कपाळाकडे पाहत नव्हता, पायांकडे पाहत होता. "तीन दिवस आधी बसलो असतो तर ती पुन्हा गायली असती हो."

मी काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. सव्वीस वर्षांत मंचावर दिल्या नसतील असल्या शिव्या मी त्याला दिल्या. तो ऐकत उभा राहिला. मग मीच त्याचं डोकं पुसलं.

किम-इंग घरी आल्यावर आम्ही दोघं गेलो. गळ्यावर पांढरी पट्टी, मांडीवर मुलांची लिहायची पाटी. थिआमने गुडघे टेकले आणि सगळं सांगितलं, कप्पेसुद्धा. तिने पेन उचललं. पाटीवर लिहिलं, "चित्र कसं आलंय?"

"स्वच्छ," तो म्हणाला.

"जाड दिसते?"

थिआम हुंदके देऊ लागला. मी म्हटलं, "दिसतेस. डुकरीण दिसतेस." तिचे खांदे हलले. हसण्याचा आवाज नाही. तसं हसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तिने पुन्हा लिहिलं, "ओठ दिसतात का?"

मग दर मंगळवारी आम्ही तिघं थिआमच्या खोलीत बसायला लागलो. कांद्याच्या पातीची धिरडी मी न्यायची. तिच्यासाठी पातळ पेज. तो चित्र एकेक चौकट पुढे सरकवायचा. ओठ मिटले, उघडले, दात दिसले. किम-इंग बोटाने मेजावर चाल धरायची आणि सुचेल तो शब्द पाटीवर लिहायची. थिआम मागे जाऊन जुळतो का पाहायचा आणि तिला सांगायचा, "नाही, आ-ची, इथे ओठ मिटतात. हा शब्द नाही." एका ओळीला कधी पूर्ण दुपार लागायची. मे-जूनचा पाऊस संपेपर्यंत चाळीस ओळी सापडल्या, आणि त्या थिआमने चित्राखाली अक्षरांत लिहिल्या.

शेवटच्या दोन ओळींना किम-इंगने पांढरी बाही तोंडावर घेतली होती. रडण्याच्या चालीत घेतातच. बाहीची वीण दिसते, काठाचा सुटलेला धागा दिसतो. ओठ दिसत नाहीत.

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या ओळी तिने गायल्या तेव्हा मंचावर तिच्यासमोर मी एकटीच होते.

मला आठवत नव्हत्या. मी माझं उत्तर मनात रचत होते. यमक जुळवायला तिचा शेवटचा स्वर तेवढा पकडला होता, बाकी सगळं सोडून दिलं होतं. सव्वीस वर्षं हेच करत आले होते. तिला तसं सांगितलं. तिने माझ्या हातावर चापट मारली आणि लिहिलं, "मलाही नाही आठवत. गाताना कोण लक्षात ठेवतं?"

सातव्या चांद्र महिन्यात ती गेली.

त्यानंतर थिआम कार्ड पुसेना. आख्खं लग्न पहिल्यापासून शेवटपर्यंत कानाने ऐकल्याशिवाय पुसायचंच नाही. कामं उशिरा जायला लागली, लोक दुसरीकडे वळले, दुकान बंद पडलं. पण वर्षातून एकदा माझ्याकडे यायचा.

"आ-ची, दोन ओळी रचा ना. यमक तुम्हाला ठाऊक आहे. कोणाला कळणारसुद्धा नाही."

मी हजारो ओळी उभ्याउभ्या रचल्यात. ह्या दोनही रचता आल्या असत्या. "नाही रे," मी दरवेळी म्हणायचे, आणि तो मान हलवून चहा संपवायचा.

गेल्या पानगळीत आला तेव्हा त्याला धाप लागत होती. या वेळी त्याने मागितलं नाही. मीच म्हटलं, "थिआम, तुझ्यासाठी रचू का?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"नको," तो म्हणाला. "तिचे ओठ तसे हलले नसतील."