वाकून वाढा

लापशी वरून पडायची. पळी आमच्या ताटाला लागू नये म्हणून वाढणारा ताठ उभा राहायचा. गावातल्या मोठ्या घरचं लग्न होतं. सगळ्या पंगती उठल्यावर आम्हा बौद्धवस्तीतल्या लोकांना खळ्याच्या कडेला बसवलं होतं. ताटं आमची, घरून नेलेली.

गरम लापशी माझ्या मनगटावर उडाली. मी ओरडलो. शेजारी माझी थोरली बहीण, अक्का. पळी तिच्यासमोर आली तसं तिनं ताट मागं ओढलं. लापशी मातीत पडली.

"वाकून वाढा," अक्का म्हणाली.

वाढणारा हसला. "ऐकलं का रं? हिला वाकून वाढायचं म्हनं! पाया बी पडू का, बाईसाहेब?"

खळंभर हशा. अक्का रिकामं ताट घेऊन उठली. मला म्हणाली, "चल."

मी गेलो नाही. मान खाली घालून खाल्लं. आणि पुन्हा मागितलं.

त्यानंतर आमच्या घराला गावात काम मिळेना. "हिची जीब आपल्याला उपाशी मारील," म्हणत बापानं अक्काची शाळा बंद केली. लवकर लग्न लावून दिलं. हातात कोयता आला. दर हंगामाला पाथर्डीहून ट्रकमध्ये बसून ती ऊस तोडायला जात राहिली. मी शिकलो. नेवाशाला शिक्षक झालो.

तिथल्या एका जयंतीला भाषणात ही गोष्ट सांगितली. तोंडातून 'अक्का' यायच्या जागी 'मी' आलं. ठरवून नाही. पण टाळ्या पडल्या, आणि पुढच्या वर्षी मी ते ठरवून सांगितलं. मग बेलापूरला, मग कुठं कुठं. शाली, नारळ. एकदा अक्का समोर बसली होती, बायकांत, सतरंजीवर. तिनंही टाळ्या वाजवल्या. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

परवा तिच्या घरी गेलो. ती नातीला म्हणाली, "ह्यो तुजा आजा लई धीराचा. भर पंगतीत ताट वडून घेतलं ह्यानं. मी आपली खात बसले हुते. भूक लई, काय करू?"

"अक्का, उठली होतीस ती तू. खात बसलो होतो मी."

ती हसली. "गप रे. माज्यात कुठली आलीया येवढी छाती?"

थट्टा नव्हती ती. तिला खरंच तसं आठवतं. मी इतक्या वेळा, इतक्या मोठ्यानं सांगितलं, की तिचं तिलाच खोटं वाटायला लागलं.

लोक म्हणतात, गुरुजी, जन्माचं सार्थक केलंत. ज्या एका गोष्टीवर माझं म्हातारपण मानानं उभं आहे, ती माझी नाही. एका पोरीनं एकदा मान ताठ केली, त्याची शिक्षा जन्मभर भोगली. शाळा गावाच्या भीतीनं गेली. आठवण मी नेली.

येत्या जयंतीला आमच्याच गावात बोलायचं आहे. अक्काला मंचावर खुर्चीत बसवणार आणि सगळं सांगणार. पुन्हा मला कुणी बोलावणार नाही. बोलावूही नये. अक्का नाही म्हणेल. तिला वाटेल, भाऊ उगाच मोठेपणा देतोय. तरी सांगेन. तिच्या घरी जाऊन, तिच्या दारात बसून सांगेन. तिला आठवेपर्यंत. नाहीच आठवलं, तर तिच्या नातीला पाठ होईपर्यंत.