बाळारामदादांचा गाल

बाळारामदादांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका रेसिंग गाडीच्या बॉनेटला गाल लावून, डोळे मिटून उभे होते. साठी उलटलेला माणूस, अंगात मळकी बंडी, दाढी मात्र नवरदेवासारखी घोटलेली. कोलशेतच्या त्या वर्कशॉपमधला माझा पहिला दिवस होता. म्हटलं, इथे सगळे गाडीवेडे दिसतायत.

होतेच. जुन्या शर्यतीच्या गाड्यांसारखी, लांब नाकाची, बिनछपराची गाडी आम्ही बनवत होतो. फक्त नऊ निघणार होत्या. आराखडे मी कॉम्प्युटरवर काढायचे आणि ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून त्यांना आकार द्यायचे ते दादा. रंग लावायचाच नव्हता, म्हणजे खोट झाकायची सोय नाही. दादा त्यावर खूश. "पुट्टी लावून लपवायचा तं गारी कशाला, भित बांध," म्हणायचे. त्यांच्या शेतावर टॉवर उभा राहिला, दोन फ्लॅट मिळाले, तरी सकाळी आठला हा माणूस हातोडी घेऊन हजर. दिवसातून दोनदा दाढी करायचे. मी चिडवायचे, "दादा, मुलगी बघायला जायचंय का?" ते नुसते हसायचे.

पहिली गाडी शनिवारी गिऱ्हाइकांना दाखवायची होती. ती पसंत पडली तरच पुढच्या आठ. शुक्रवारी दुपारी माझ्या मोजणीच्या यंत्राने बॉनेट पास केलं आणि दादांनी गाल लावून मान हलवली. "डावीकडं दबलाय."

"यंत्र बरोबर सांगतंय, दादा. हात फिरवून बघा ना."

त्यांनी मला बाजूला नेलं. "बोटा मेलीन माजी, पोरी. चालीस वरसा ठोकून त्यांना काय कलत नाय. गालाला कलतं. साहेबाला बोलू नको, काम काढून घेल."

किती चिडवलं होतं मी त्या दाढीवरून. मी गाल टेकवला. गार पत्रा, सपाट, सपाट, आणि मग केसाएवढी खळी. माझ्या मोजणीच्या दोन बिंदूंच्या बरोबर मधे. पास झालेल्या बॉनेटवर हातोडी पडून पत्रा फाटला असता तर शनिवार गेला असता, आणि माझी नोकरीही. "ठोका," मी म्हटलं.

शनिवारी ताडपत्री निघाली. उन्हाची एकच रेघ नाकापासून सीटपर्यंत न मोडता धावत गेली. इंजिन सुरू झालं तशी खिडक्यांची तावदानं थरथरली आणि मी चारचौघांत शिट्टी मारली. संध्याकाळपर्यंत आठही गाड्या नोंदवल्या गेल्या.

आठवी गाडी रवाना झाली त्यानंतर पंधरा दिवस दादा आले नाहीत. त्यांनी आधीच ठोकून ठेवलेलं नववीचं बॉनेट मोजणीला घेतलं, त्या दिवशी आले. गालावर पांढरी दाढी, बोटभर वाढलेली. त्या गालाला आता काही कळणार नव्हतं. मी काही विचारायच्या आत ते स्टूल ओढून बसले आणि बॉनेटकडे बोट दाखवलं.

"लाव गाल," म्हणाले, "आनि मना सांग."