बसून राहिले

आमच्या लेखाचा सगळा डोलारा एका क्रियापदावर उभा होता, आणि ते क्रियापद मी बदललेलं होतं. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दुसऱ्या कुणाला नव्हतं.

मी अकोल्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. माझी सहकारी जर्मनीहून संशोधनासाठी आलेली, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. रिद्धपूर हे महानुभाव पंथाचं गाव. शेकडो वर्षांपूर्वी देव माणसाच्या रूपात इथं वावरले अशी पंथाची श्रद्धा आहे. ते जिथं बसले, जेवले, निजले, त्या प्रत्येक जागी ओटा बांधलेला असतो आणि लोक तिथं माथा टेकतात. पोथ्यांवर पुष्कळांनी लिहून ठेवलंय. तिला मात्र या जागांविषयी साध्या बायका काय बोलतात ते हवं होतं.

ती मराठी शिकली पुण्यात, त्यामुळे बोलायची ती धुवून इस्त्री केल्यासारखं. अमरावतीच्या स्टँडवर एका रिक्षावाल्याला तिनं "क्षमस्व, आपल्याला जरा कष्ट देते" असं म्हटलं, तेव्हा तो बापडा माझ्याकडे वळून विचारता झाला, "म्याडम काय म्हणून राहिल्या?" म्हणून तिला माझी गरज होती. तिनं विचारायचं, रेकॉर्डरवर घ्यायचं. मी घरी बसून ते ऐकून शब्दन् शब्द उतरवायचा. मग तिनं भाषांतर करायचं. लेखावर दोघींची नावं शेजारी-शेजारी येणार होती. एरवी आमच्यासारख्यांची नावं शेवटी आभारात येतात, चहा देणाऱ्याच्या आगेमागे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी मला बरोबरीनं बसवलं होतं. मी हुरळून गेले होते, खोटं कशाला बोलू.

आमच्या सगळ्या मुलाखतींत एक मावशी उजवी होती. मोर्शीकडची. नवरा गेल्यावर रिद्धपूरला आली आणि तिथलीच झाली. एक ओटा ती रोज झाडायची, पुसायची, त्यावर फुलं वाहायची. या जागी काय झालं होतं, असं माझ्या सहकारीनं विचारलं, तेव्हा मावशीनं सरळ सांगितलं, "देव इथं बसून राहिले." सरपंच ग्रामपंचायतीत बसलेत असं सांगावं, इतक्या सहज.

आता हे वाक्य पुण्याच्या कानाला एक सांगतं आणि वऱ्हाडी कानाला दुसरं. पुण्याच्या माणसाला वाटेल, देव कधीकाळी बराच वेळ इथं बसले. आमच्याकडे 'बसून राहिले' म्हणजे बसलेत. या घडीला, आत्ता. मी जन्मानं वऱ्हाडी. मला ते कळायला क्षणही लागला नाही. आणि मी वहीत लिहिलं, 'देव इथे बसले होते.'

का लिहिलं? एक कारण म्हणजे सवय. पुण्यात शिकायला गेले तेव्हा वर्गात तोंडून 'मले' निघून गेलं आणि सगळा वर्ग हसला. त्या दिवशी मी तो 'ले' गिळला, तो पुन्हा बाहेर येऊ दिला नाही. वडिलांनाही तेच हवं होतं. आमच्या वस्तीतल्या मुलीनं शुद्ध बोलावं, म्हणजे तिला कुणी दारातच थांबवणार नाही, असं त्यांचं गणित. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. तर मावशीच्या बोलण्यातले सगळे 'ले' मी 'ला' केले, 'काहून' तिथं 'का' केलं. मला वाटे, मी तिला नीटनेटकं लुगडं नेसवून पाहुण्यांसमोर आणतेय.

दुसरं कारण जास्त खोल होतं. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा आमच्या घरातले देव गेले, ते परत आले नाहीत. मी त्या घरात वाढले आणि त्याचा मला अभिमान आहे. देव समोर बसलाय हे वाक्य माझ्या हातून उतरेना. म्हातारीला काळाचं भान नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं. तिनं ते चारदा म्हटलं होतं. मी चारदा दुरुस्त केलं.

त्या 'होते'वर माझ्या सहकारीनं मोठा सुरेख लेख रचला. इथल्या बायकांसाठी देव ही होऊन गेलेली गोष्ट आहे, ओटा झाडणं म्हणजे आठवण उजळणं, असा तिचा सिद्धान्त. वाचताना मलासुद्धा पटला, म्हणजे बघा.

लेख पाठवायच्या आठवडाभर आधी ती माझ्या घरी अकोल्याला आली होती. दुपारची वेळ, कूलर घरघरत होता, ती कानात यंत्र घालून शेवटचं ऐकत होती. मध्येच थांबली. "बाई, इथे मला 'बसून राहिले' असं ऐकू येतंय. म्हणजे पुष्कळ वेळ बसले होते, बरोबर?"

मी म्हणाले, "हो, तेच ते."

आणि चहा करायला आत गेले. ओट्याशी उभी राहिले तर गॅस पेटवायचंही सुचेना. स्वतःची इतकी शरम मला फार कमी वेळा वाटली आहे. तरी बाहेर जाऊन मी काही बोलले नाही. माझं नाव त्या लेखावर होतं.

तिचा एक नेम होता. छापण्याआधी ज्याचं बोलणं त्याला वाचून दाखवायचं. मला हे थेर वाटायचे. पण आम्ही गेलो. मावशी ओट्याजवळ शेवंतीची फुलं निवडत बसली होती. दंडवत झाले, पाणी झालं. मी कॉलेजातल्या आवाजात वाचायला लागले. मावशी मान कलती करून ऐकत होती.

"हे कोन बोल्लं वं?"

"तुम्हीच, मावशी."

"मी? लयच शिकेल दिसते ही बाई!" ती खळखळून हसली. आम्हीही हसलो. मग मी पुढचं वाक्य वाचलं, 'देव इथे बसले होते.'

मावशीचे हात थांबले. "होते?" तिनं मागे वळून ओट्याकडे पाहिलं. मग मला विचारलं, "मंग आता कुठं गेले?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. मी शिकलेली बाई, मला काही खबर लागली असेल आणि तिला कुणी सांगितली नसेल, असा चेहरा झाला होता तिचा. तो चेहरा मला बघवेना.

"कुठंच नाही गेले, मावशी," मी म्हणाले. "बसून राहिले. मले बरोबर लिवता नाही आलं."

"काहून वं? तू त कालेजात शिकवतं न?"

शेजारी माझी सहकारी पेन हातात धरून बसली होती. "म्हणजे हा भूतकाळ नाही?" तिनं हळू विचारलं.

"नाही."

"त्या दिवशी मी विचारलं, तेव्हा?"

"तेव्हाही नव्हता. मी खोटं बोलले."

"मला तुमचा राग आला आहे," ती म्हणाली, आपल्या स्वच्छ मराठीत, एकेक शब्द सुटा. तो तिचा हक्कच होता. तिची दोन वर्षांची मेहनत त्या वाक्याबरोबर वाहून गेली; तो लेख त्या रूपात पुढे कधी छापला गेला नाही. पण त्या वेळी तिनं एवढंच केलं. टाइप केलेले कागद पिशवीत घातले, वहीचं कोरं पान काढलं आणि मावशीला म्हणाली, "आपण ते वाक्य पुन्हा सांगाल का?"

मावशीनं फुलाची काडी मोडली आणि माझ्याकडे बोट केलं. "मी त सांगतलंच होतं. आता हिले सांगू दे."

दोघी माझ्याकडे पाहत राहिल्या. समोर रिकामा ओटा होता, त्यावर फुलं होती. मला तिथं कुणी दिसत नव्हतं. आजही दिसणार नाही. पण ते वाक्य माझ्या मताचं नव्हतंच कधी, ते तिचं होतं, आणि तिच्याच बोलीत ते खरं होतं.

"देव इथं बसून राहिले," मी म्हणाले.

"हां," मावशी म्हणाली, "आता बोल्ली."